खिशात सापडलेलं

लाँड्रीवाल्या बाईंचं नाक सगळ्या रस्त्यावर प्रसिद्ध होतं. गिऱ्हाइकाने गठ्ठा काउंटरवर ठेवला की बाई वरचा कपडा उचलून नाकाजवळून नुसता फिरवायच्या आणि मागे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या काकांना सांगायच्या, "कॉफी. दूध घातलेली. आजची नाही, शिळा डाग आहे." काका मान डोलवून कपडा वेगळ्या टोपलीत टाकायचे. कोणी सिगरेट सोडली म्हणून घरी सांगतो आणि बाहेर ओढतो, कोणाच्या कोटाला कोणाचं अत्तर लागलंय, कोण रडून बाहीला डोळे पुसतं, हे सगळं बाईंना ठाऊक असायचं. आणि ठाऊक असूनही त्या तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत.

तो दुकानाचा कायदाच होता. बाईंच्या वडिलांनी घालून दिलेला. कपडा पाण्यात जाण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा, जे सापडेल ते छोट्या कागदी पाकिटात घालायचं, पाकिटाचं तोंड टाचणीने बंद करायचं आणि धुतलेल्या कपड्यांना लावून परत द्यायचं. विचारायचं काही नाही. एकदा वडिलांनी भाबडेपणाने एका गिऱ्हाइकाला, "साहेब, ही कानातली बाईसाहेबांचीच ना?" असं बाईसाहेबांच्या समोरच विचारलं होतं, आणि त्या दिवशी दुकानाची पुढची काच फुटली. नवी काच बसली तेव्हापासून हा कायदा. बाईंनी तो वडिलांपेक्षाही कडक पाळला. म्हणून तर लोक त्यांच्याकडे बिनघोर कपडे टाकायचे.

बाईंचा नवरा मोटार शिकवायचा. एका ड्रायव्हिंग स्कूलची जुनी पांढरी गाडी, जिच्यात शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस शांत. लोक त्यांच्या गाडीत बसून खांबांवर धडकायला निघत आणि मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबून म्हणत, "खांब उद्याही इथेच असेल, आपण आज वळू." साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता, आणि पोटही तितक्याच वर्षांचं होतं. बाईंना दोन्हीची सवय झाली होती.

तर हे पोट उतरायला लागलं.

सुरुवातीला बाईंना बरंच वाटलं. मग पट्ट्याला नवं भोक पडलं, आणि मग नवीन पँट आली. पन्नाशी ओलांडलेला माणूस आरशासमोर बाजूने उभा राहून स्वतःचं पोट बघायला लागला. ब्रेड बंद, बटाटा बंद, गोड तर बंदच. ताटात उकडलेली अंडी आणि काकडी. बाईंनी काही वाढलं की, "नको गं, हलकं वाटतंय आता," असं म्हणून ताट सरकवायचं. शिवाय मास्तर गुणगुणायलाही लागले होते. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी सूर लावला नव्हता.

"अगं वहिनी, दादा हिरो झालाय हल्ली," मास्तरांची बहीण दुकानात येऊन म्हणाली. ती पलीकडच्या रस्त्यावर राहायची आणि काम नसलं की काउंटरला टेकून उभी राहायची. "गाडीत कोण कोण शिकायला येतं, जरा लक्ष ठेव हो. मी आपली गंमत करतेय."

नणंदेच्या गमतीला काटे असतात हे बाईंना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्या हसल्या, पण काटा लागायचा तिथे लागलाच.

मग बाईंचं बारीक लक्ष सुरू झालं, आणि एकदा शोधायला लागलं की काय, हवं ते सापडतं. मास्तर न्हाणीघराची कडी आतून लावायला लागले होते. बराच वेळ आत राहायचे. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, मास्तर स्वतःच्या चड्ड्या स्वतः धुवायला लागले होते! लाँड्रीवालीचा नवरा. सगळ्या रस्त्याचे कपडे जिच्या हाताखालून जातात तिचा नवरा दाराला कडी घालून, नळ बारीक सोडून, आतल्या आत चड्डी धुतो आणि गच्चीच्या कोपऱ्यात, चादरीच्या आड, वाळत घालतो. बाईंनी चादर उचलून बघितलं. स्वच्छ धुतली होती, पण पिळायची कशी ते त्या माणसाला काही येत नव्हतं.

"काय हो, माझ्या दुकानावर भरवसा उरला नाही?" बाईंनी हसतहसत विचारून पाहिलं.

मास्तरांचे कान लाल झाले. "तुझ्यावर कामाचा भार कमी, म्हणून," ते म्हणाले, आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली हातातच होती.

त्यातच तो वास आला. मास्तर संध्याकाळी घरी आले, रुमाल खुर्चीवर टाकला, आणि बाईंनी सवयीने तो उचलून नाकाशी नेला. घाम, पेट्रोल, आणि त्याच्या आडून एक गोडसर, झणझणीत वास. बाईंना ओळखायला क्षणही लागला नाही. नखांचा रंग पुसायचं रिमूव्हर. दुकानात त्याची एक बाटली वरच्या फळीवर असायची, कपड्यावर सांडलेलं नेलपॉलिश काढायला. बाईंनी दुसऱ्या दिवशी आधी ती बाटली बघितली. झाकणावर धूळ होती. म्हणजे बाटलीला कोणी हात लावलेला नव्हता. त्यांनी रुमालही बरोबर आणला होता, काकांना न सांगता पुन्हा हुंगायला, पण दुकानात येईपर्यंत वास उडाला होता. रिमूव्हर तसंच असतं, उघड्यावर टिकत नाही. म्हणजे शंकेला जागाच नाही, तेच होतं.

त्यानंतर तो वास कधी उशीच्या अभ्र्याला, कधी शर्टाच्या कॉलरपाशी यायला लागला. येऊन जाऊन एकच गोष्ट पटत होती. दिवसभर बंद गाडीत मास्तरांच्या शेजारी कोणीतरी रंगीत नखांची बसते. नखं रंगवते, पुसते, पुन्हा रंगवते. बाईंनी मनातल्या मनात त्या नखांचा रंगसुद्धा ठरवून टाकला. लाल.

आणि मग खिशात ते सापडलं.

मास्तरांची पँट बाईंच्या गठ्ठ्यात आली होती आणि बाई सवयीने खिसे उलटे करत होत्या. एका खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. गोळ्या तर ते घेतच असत, बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. दुसऱ्या खिशातून एक अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब निघाली. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कोणत्या जागच्या खाजेवर आणि कसल्या बुरशीवर लावायचं ते. बाईंनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि ट्यूब मुठीत झाकली. न्हाणीघराची कडी, स्वतः धुतलेल्या चड्ड्या, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. नुसती बाहेर जात नाही स्वारी, घरी रोगही घेऊन येते.

"बाई, काय झालं?" काकांनी इस्त्री उभी करत विचारलं.

"काही नाही. टाचणी टोचली."

दुसरी कोणी असती तर तिने ट्यूब नवऱ्याच्या तोंडावर फेकून, "हे काय आहे?" असं विचारलं असतं. भांडण झालं असतं, चार भांडी आदळली असती, आणि खरं काय ते अर्ध्या तासात कळलं असतं. पण बाईंचे हात सवयीचे गुलाम होते. त्यांनी एक कागदी पाकीट घेतलं, ट्यूब आणि गोळ्यांची पट्टी आत घातली, तोंड दुमडून टाचणी लावली, आणि संध्याकाळी ते मास्तरांच्या उशीवर ठेवलं. गिऱ्हाइकाला देतात तसं.

मास्तर आले, कपडे बदलायला आत गेले. दारातून बाईंना दिसलं, त्यांनी पाकीट उचललं, टाचणी काढून आत बघितलं. मग पाकीट कपाटाच्या खणात ठेवून खण हलक्या हाताने बंद केला. जेवताना वर बघितलं नाही. एक अक्षर नाही.

चोराला चोरी सापडल्याचं कळल्यावर तो असाच गप्प बसतो, बाईंनी मनाशी म्हटलं. "माझी पाठ दुखतेय," असं सांगून त्यांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत घातली. मास्तरांनी का म्हणून विचारलं नाही. हे तर बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रकार सुरू झाला. ड्रायव्हिंग स्कूलचा रस्ता नेहमीचा ठरलेला होता. मोकळ्या मैदानाला वळसा घालून टाकीकडून परत. ती पांढरी गाडी आता रोज लाँड्रीसमोरून जायला लागली. चालवायला चौकड्यांचा रुमाल डोक्याला बांधलेली एक बाई, शेजारी मास्तर. रुमालवाली तोंडभर हसत असायची. दुकानापाशी आल्यावर गाडी मुद्दाम हळू व्हायची. बाई काचेआड उभ्या राहून बघायच्या आणि काउंटरवरची पावती हातात चुरगळायच्या. "डोळ्यांदेखत!" त्या पुटपुटायच्या. "लाजही सोडली. दाखवायला आणतो मला."

"वहिनी, तूच बघ बाई," नणंद म्हणाली. "मी माझ्या भावाचं वाईट बोलणार नाही. पण रोज तीच एक असते गाडीत."

नणंदेला हेही माहीत नव्हतं की ती शिकणारी बाई परीक्षा होईपर्यंत रोजच येणार होती. तिने विचारलं नव्हतं. त्या घराण्यातच कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, आणि बाईंनी वर दुकानाचा कायदाही घरी आणून ठेवला होता.

मास्तर आजारी पडले ते अशा दिवसांत. आधी मळमळ, मग उलट्या. पोटात पिळवटल्यासारखं होतं म्हणाले. "बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल," बाई म्हणाल्या, आणि बाहेरचं या शब्दावर जरा जास्तच जोर दिला. मास्तर तो जोर कळायच्या परिस्थितीत नव्हते. त्यांनी बोट टोचून छोट्या यंत्रावर साखर बघितली आणि यंत्र बाईंपुढे धरलं. "बघ, साखर छान आहे. एखाद्या तरुणाची असावी अशी."

"हो का! तरुण," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही यंत्रावरचा आकडा विचारला, पोट दाबून बघितलं आणि पित्ताचं औषध दिलं. मास्तरांनी ते घेतलं आणि ओकून टाकलं. साखरेची गोळी मात्र नेमाने घेतली. ती चुकवायची नाही, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बघतात तर मास्तर पँट चढवत होते. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले.

"कुठे निघालात असे?"

"तिची परीक्षा आहे उद्या. आज शेवटचा तास. नाही म्हणता येत नाही."

तिची! उभं राहवत नाही, पाण्याचा घोट पोटात टिकत नाही, पण तिच्यासाठी जायचं. बाईंच्या तोंडावर खूप काही आलं होतं. त्या म्हणाल्या, "जा." मास्तर जिना उतरायला लागले. त्यांचा श्वास वरपर्यंत ऐकू येत होता, खोल आणि भराभरा, जड ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाचा असतो तसा. उतरताना कशाला धाप लागते माणसाला? बाईंना तेव्हा एवढंच वाटलं, की भेटायची घाई झालीय.

हा विचार त्यांना पुढे फार दिवस चावत राहिला.

दुपारच्या आत ती पांढरी गाडी लाँड्रीसमोर येऊन उभी राहिली. उभी म्हणजे कशी, पुढचं एक चाक फुटपाथवर. रुमालवाली बाहेर पडली आणि धावत आत आली. "मास्तरांच्या घरच्या तुम्हीच ना? लवकर चला. ते कसंतरीच करतायत. बोलता बोलता थांबले, नुसता श्वास घेतायत. मी विचारलं कुठे नेऊ, तर म्हणाले, लाँड्री."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर तिच्या तोंडाकडे नाही, आधी हातांकडे बघितलं. काउंटरवर टेकलेली ती बोटं आखूड होती, खरखरीत. नखं मुळापासून कापलेली, आणि कडेच्या चिरांत पांढरं पीठ बसलेलं. रंग नव्हता. रंगाचा मागमूसही नव्हता.

"तुम्ही नखं नाही रंगवत?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

ती बिचारी गडबडली. "अहो, मी बेकरीत पीठ मळते! आम्हाला नखं ठेवू देत नाहीत. चला ना लवकर!"

बाई धावल्या. काका इस्त्री बंद करून दाराशी आले, "मी बघतो दुकान, तुम्ही जा." मास्तर डावीकडच्या सीटवर मान टाकून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. बाई मागे बसल्या आणि पुढे वाकून पदराने त्यांचं तोंड पुसायला लागल्या, आणि तो वास सपकन नाकात शिरला. गाडीच्या चारही काचा उघड्या होत्या. वास रुमालाचा नव्हता, कॉलरचा नव्हता. मास्तरांनी श्वास सोडला की यायचा. घेतला की थांबायचा. पुन्हा सोडला की पुन्हा. इतके दिवस बाईंनी त्यांचे कपडे हुंगले होते. त्यांच्या तोंडाजवळ त्या गेल्याच नव्हत्या.

"दवाखान्यात घे," बाई ओरडल्या. "मोठ्या दवाखान्यात!"

"माझ्याकडे लायसन नाही हो अजून!"

"घे म्हणते ना!"

बेकरीवालीने गाडी फुटपाथवरून उतरवली. चौकात समोरून ट्रक आला आणि तिच्या पायाला ब्रेक सापडेना, तेव्हा गाडी आपोआप थांबली. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते, पण उजवा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर गेला होता. हे बघून बाईंना इतक्या वेळात पहिल्यांदा रडू आलं.

दवाखान्यात मास्तरांना आत घेतलं. नणंदही धापा टाकत येऊन पोचली, काकांनी तिला सांगितलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तोंडाला मास्क, नाक सर्दीने चोंदलेलं. त्यांनी बोट टोचलं. साखर चांगली निघाली. त्यांच्या कपाळावर मात्र आठी पडली.

"साखर ठीक आहे, पण श्वास असा का घेतायत?" त्या बाईंकडे वळल्या. "नीट ऐका. साधं पोट बिघडलं असेल तर उपचार वेगळे. मला ज्याची शंका आहे ते असेल तर एक तासही दवडता येणार नाही. साखरेची गोळी कोणती घेतात? अलीकडे बदललीय?"

"माहीत नाही."

"वजन उतरलंय? खाणं कमी केलंय?"

"हो. दोन्ही."

"लघवीच्या जागी खाज, जंतुसंसर्ग, असं काही? आणि श्वासाला वेगळा वास येतो का? तो वास काहींच्या नाकाला येतो, काहींच्या येत नाही. मला आज काहीच कळत नाहीये."

एका बाजूला नणंद कान टवकारून उभी, दुसऱ्या बाजूला बेकरीवाली. बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं! खिशात मलम सापडलं. कुठे लावायचं होतं. मी का विचारलं नाही. नखांचं काय डोक्यात घेतलं होतं. बाईंना वाटलं, एवढं सांगितलं तर उद्या तोंड कुठे दाखवू? आयुष्यभर दुसऱ्यांची लफडी पोटात ठेवली, आणि आता स्वतःच्या घरचं चव्हाट्यावर मांडायचं. आतून मास्तरांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"येतो," बाई म्हणाल्या. "वास येतो. नखांचा रंग पुसायच्या रिमूव्हरचा. बरेच दिवस येतोय. मला वाटलं, त्यांचं बाहेर कोणाशी तरी..." त्यांनी बेकरीवालीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "मला वाटलं, हिच्याशी. खिशात खाजेचं मलम सापडलं तेव्हा खात्रीच झाली. गोळ्यांची पट्टीही होती. मी वाचली नाही. पाकिटात घालून परत दिली. विचारलं काहीच नाही."

बेकरीवालीचं तोंड उघडंच राहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी!" पण डॉक्टरीणबाई ते ऐकायला थांबल्या नव्हत्या. त्या आत धावत नर्सला रक्ताच्या कसल्या कसल्या तपासण्या सांगत होत्या.

बाईंनी जागा सांगितली, तशी नणंद घरी पळाली आणि कपाटाच्या खणातलं पाकीट घेऊन आली. गोळीचं नाव वाचून डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. शंका खरी होती.

मास्तर वाचले. वाचले म्हणजे सहज नाही. सलाईनच्या नळ्या, इन्सुलिन, मिनिटामिनिटाला तपासणी, आणि बाहेर बाकावर बाई. डॉक्टरीणबाईंनी नंतर सवडीने समजावून सांगितलं. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. पुष्कळांना चांगली लागू पडते, वजनही उतरतं. पण साखर त्या वाटेने जाते म्हणून तिथे बुरशी धरू शकते, खाज सुटते. हे नेहमीचं. दुसरं क्वचित होतं, पण जिवावर बेततं. माणूस खाणं फार तोडतो, उलट्या होतात, आणि गोळी चालूच राहते. मग शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. वास त्याचाच. "आणि साखर तर छान दिसत असते, म्हणून भलेभले फसतात. उलट्या सुरू झाल्या, जेवण जात नाहीसं झालं, की ही गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे यायचं असतं. त्यांना सांगितलं होतं का हे कोणी?"

सांगितलं होतं. गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मास्तरांनी मान डोलावली होती. शिकाऊ माणसं गाडीत जशी मान डोलावतात, तशी.

मास्तर नीट बोलायला लागले त्या दिवशी बाई एकट्याच त्यांच्याजवळ होत्या. खोलीत उन्हाचा पट्टा पलंगाच्या पायाशी आला होता. बाईंनी पिशवीतून ते कागदी पाकीट काढून पांघरुणावर ठेवलं.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण खिशात सापडलेल्या गोष्टीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच कोणाला विचारलं होतं.

मास्तरांनी पाकिटाकडे बघितलं. "खाज सुटली होती गं. नको त्या जागी. डॉक्टर म्हणाले, गोळीने होतं, घरी सांगा. कोणत्या तोंडाने सांगणार होतो? सगळ्या रस्त्याचे डाग ओळखणारी तू." त्यांनी पाकीट बाजूला सरकवलं. "मग तू ते पाकीट उशीवर ठेवलंस. मला वाटलं, तुला सगळं कळलं. आणि किळस आली. गादीच उचलून बाहेर गेलीस."

"किळस?" बाई म्हणाल्या. "अहो, मला वाटलं तुम्ही बाहेर कोणीतरी ठेवलीय."

मास्तरांना हसू फुटलं, अशक्त, खोकल्यासारखं. "मी? त्या खाजेत?"

बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या पदराला डोळे पुसत राहिल्या. हे सगळं इतकं सोपं होतं. एक प्रश्न. पण मनातला एक काटा अजून निघाला नव्हता, आणि आता विचारायचंच ठरवलं होतं तर तोही विचारून टाकायचा होता.

"आणि ती गाडी? मैदानाकडचा रस्ता सोडून रोज माझ्या दुकानासमोरून का आणायचात? तिथे आल्यावर हळू का करायचात?"

मास्तरांचे कान पुन्हा लाल झाले.

"तू काचेआड उभी असायचीस," ते म्हणाले. "बाहेरच्या खोलीत झोपायला गेल्यापासून घरात तू माझ्याकडे तोंडच करत नव्हतीस. तेवढीच समोरून दिसायचीस. मी त्या बाईला सांगायचो, इथे जरा हळू घ्या."

बाईंनी स्टूल पलंगाला अगदी लावून ओढलं. मास्तरांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि डोळे मिटून त्यांचा एक श्वास घेतला, मग आणखी एक. औषधाचा वास होता, आणि मास्तरांचा.